पहिली अळी

१

एका सकाळी तिफण गेम्सचे सगळे खेळ दुकानातून नाहीसे झाले. दुकान म्हणजे फोनमधलं, जिथून लोक खेळ उतरवून घेतात ते. अंजनाने नाव घालून शोधलं, पुन्हा शोधलं, हरीओमचा फोन हिसकावून त्यावर शोधलं. कुठेच काही नाही. खेळांमधले दोष शोधणं हीच तिची नोकरी, त्यामुळे तिला आधी वाटलं की दोष फोनचाच असेल. घर पेटलं तरी माणूस आधी शेजारच्या चुलीचा धूर समजतो.

मग दुकानवाल्यांची मेल सापडली. ‘राखण’ या नव्या खेळाला एका आठवड्यात शेकड्यांनी पाच-पाच तारे मिळाले, आणि ते जवळपास सगळे तिफणच्या स्वतःच्या इंटरनेटवरून आले होते. विकतची वाहवा आम्हाला चालत नाही, सबब खातं कायमचं बंद, असा मजकूर होता. एक फट मात्र ठेवली होती. हे काम कंपनीशी संबंध नसलेल्या कुणी कंपनीच्या नकळत केल्याचं दाखवता आलं, तर ते फेरविचार करणार होते. त्यासाठी अर्ज एकदाच करता येणार होता.

तिफण गेम्स जन्मली वाशीमच्या बाजारपेठेत, हीरालालजींच्या भांड्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर; दुकानामागेच त्यांचं घर. हीरालालजींचा मुलगा नमन, कामरगावचा हरीओम आणि अंजना, असे तिघे. पेरणीच्या तिफणीला फण तीन, म्हणून हे नाव; ते शेतकऱ्याच्या पोराने, हरीओमनेच सुचवलं. पहिला खेळ त्याचा होता. मग अमरावतीच्या एका मुलीचा आला, नांदेडच्या दोन भावांचा आला, रिसोडच्या एका शिक्षकाचा आला. मोठ्या शहरातल्या कंपन्या ज्यांचा फोनही उचलत नव्हत्या, त्यांचे खेळ तिफण घ्यायची, दोष काढायची, मराठी-हिंदी-कानडीत करायची आणि बाजारात आणायची. माळ्यावरचे हंडे-कळशा एकेक करून खाली गेले आणि त्यांच्या जागी टेबलं आली. हीरालालजी म्हणायचे की भांडं निदान वाजवून तरी बघता येतं, तुमचा माल काय वाजवायचा.

कागदोपत्री मालकीण होती नमनची आई, कंचनबाई. बाईच्या नावावर धंदा काढला की सवलत मिळते, तेव्हा सगळा बाजार आपापल्या आयाबायांना मालकीण करतो. कंचनबाई दाखवाल तिथे सही करायच्या आणि सहीच्या आधी बारीक ‘श्री’ काढायच्या.

आणि आता त्या एका खात्यात नऊ जणांचे खेळ गाडले गेले होते. खातं परत मिळालं तर तिफण जगणार होती, नाहीतर ती आणि तिच्या भरवशावरचे ते नऊ जण, सगळेच बुडणार होते.

नमन खुर्चीत बसून राहिला होता. तो म्हणाला, “अंजना, दोष काढनं तुहं काम हाये. हा काढ.”

त्याच्या मागे उभ्या हरीओमने दाराला हात टेकला आणि सावकाश बोलला, “ज्यानं केलं त्याले मी या जन्मात माफ करनार नाई. मंग तो या खोलीतला असो नाई तं बाहेरचा.”

खोलीत चारच माणसं होती, आणि चौथा, मुन्ना, खाली पाहत होता.

२

मुन्नावर संशय जाणं अगदी साहजिक होतं. खेळाचा गाजावाजा करणं हे त्याचं काम. ‘राखण’ला पुरेसे तारे पडले तर त्याला चौथा भागीदार करायचं नमनने कबूल केलं होतं, आणि मुन्ना ते गावभर सांगून आला होता. त्यातून पोरगं बोलघेवडं. बोलघेवडा माणूस गप्प बसला की लोक त्याला चोर ठरवतात.

अंजनाने त्याला खाली चहाच्या टपरीवर नेलं. मुन्ना कप फिरवत सगळं ओकला. तारे विकणारा एक माणूस त्याने खरंच गाठला होता. बोलणीही झाली होती.

“पन घेतले नाई ताई,” तो म्हणाला. “तो म्हने, रातच्याले काम करतो, सकाळी पाहाल तं तारेच तारे. मले भेव वाटलं. मी त्याचा नंबरच मिटवला.”

अंजनाने त्याचा शब्द धरला नाही आणि टाकलाही नाही. तपासनिसाचा एक नियम ती नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायची : दोष पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे, नाहीतर तो दोष नव्हे, अफवा. ती वर आली आणि तारे कधी कधी पडले ते पाहू लागली.

पाहता पाहता तिचा हात थांबला. आठवडाभर तारे पडले होते ते सकाळी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. दिवे लागले की एकही नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं आली की पुन्हा सुरू.

रात्री काम करणारा तो दलाल यात कुठेच बसत नव्हता. मुन्नाही बसत नव्हता, कारण मुन्ना एरवी दुपारी बारापर्यंत झोपायचा आणि त्याचं सगळं काम अंधार पडल्यावर चालायचं. हे कुणीतरी सूर्याच्या घड्याळावर केलं होतं.

आणि सूर्याच्या घड्याळावर चालतो तो शेतकरी.

३

हरीओमला गाठायला ती एस.टी.ने कामरगावला गेली. खातं बंद झाल्यापासून तो ऑफिसात फिरकला नव्हता. ओसरीवर त्याची आई मनकर्णाबाई शेंगा सोलत बसली होती. पोरगं दोन दिवस जेवलं नाही, घासाला शिवत नाही, एवढंच तिने सांगितलं आणि शेंगांचं टोपलं घेऊन आत निघून गेली.

हरीओमचं आणि नमनचं महिन्यापूर्वी कडाक्याचं भांडण झालं होतं. बंगळूरच्या एका बड्या कंपनीला हरीओमने बनवलेला ‘राखण’ हवा होता. हरीओम द्यायला तयार होता, नमन नव्हता. तिफण बुडाली तर तिच्याशी झालेला करार आपोआप तुटणार आणि खेळ हरीओमचा हरीओमकडे येणार. हेतू असा लखलखीत होता की अंजनाला तो उच्चारायची लाज वाटली. पण ती बोलली.

हरीओम रागावला नाही, तेच जास्त लागलं.

“बंद खात्यातला खेळ कोन घेते?” तो म्हणाला. “बंगळूरवाल्यायनं कालच कळवलं. डाग लागलेला माल त्यायले नाई पायजे. माहा खेळ मेला, अंजना. तीन वर्षं मी त्याले पोरावानी वाढवलं.”

मग तो खेळाबद्दलच बोलत राहिला, मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसा. ‘राखण’ म्हणजे एका हंगामात सोयाबीनचं एक वावर राखायचं. रोही म्हणजे नीलगाई, डुकरं, पाऊस, सगळ्यांपासून. पण सुरुवात होते एका अळीपासून. पानावर एक हिरवी अळी चालत येते आणि ती बोटाने दाबून मारल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. त्या अळीच्या चालण्यावर हरीओमने पावसाळाभर मेहनत घेतली होती.

“नमन्याचं आठवते ना तुले?” तो जरा हसला. “पाव्हन्यायले खेळ दाखवाले बसला की अळी आली का फोन माह्या हातात. ‘तू मार, मंग मी खेळतो.’ त्याले हसून हसून आपलं पोट दुखे.”

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून अंजना तेच आठवत होती. कारंजा मागे पडलं तेव्हा ती एकदम सावरून बसली. खेळणारा कुठे थांबला हे खेळ स्वतःच तिफणला कळवतो. नाव कळत नाही, पण खेळातली जागा कळते, आणि इंटरनेट कुणाचं तेही. ते पाच तारेवाले खेळात कुठपर्यंत गेले होते, हे तिने अजून पाहिलंच नव्हतं.

४

विकतचे तारे देणारा माणूस खेळ उघडत नाही. उघडला तरी लगेच बंद करतो. हे लोक तसे नव्हते. त्यांनी खेळ उघडला होता, वावर पाहिलं होतं, बांधावर फिरले होते, विहिरीत डोकावले होते. आणि मग शेकडो माणसं, पाच-पंचवीस अपवाद सोडले तर, एकाच जागी येऊन थबकली होती.

ती जागा होती पहिली अळी.

तिला कुणीही मारलं नव्हतं. खेळ तसाच बंद केला होता आणि पाच तारे देऊन निघून गेले होते.

अंजनाने दोष पुन्हा घडवून पाहिला. मुन्नाच्या हातात फोन दिला आणि ‘खेळ’ म्हणाली. मुन्नाने अळी दाबली आणि पुढे गेला. खालच्या टपरीवाल्याला दिला, त्याने दाबली. पोस्टमनला दिला, त्याने तर दोनदा दाबली. मग ती नमनकडे गेली. तो खिडकीशी उभा होता, दाढी वाढलेली. तिने काही न सांगता फोन पुढे केला.

नमनने वावर फिरून घेतलं. अळी आली. त्याचा अंगठा वर उचललेला तसाच राहिला. त्याने फोन तिच्याकडे परत दिला.

“तूच कर,” तो म्हणाला. “लहानपनापासून सवय हाये. आई म्हने, पिठाचा कोंबडा कापला तरी जीव मारल्याचंच पाप लागते. मनानं मारला म्हंजे मारलाच.”

दिवस मावळला की अन्नालाही न शिवणाऱ्या जैन घरातला, चित्रातली अळीसुद्धा न मारणारा माणूस तिच्यासमोर उभा होता. खातं त्याचं, घर त्याचं, इंटरनेट त्याचं. आपल्याच कंपनीच्या तपासात मालकिणीच्या पोरालाच पकडायची वेळ यावी, असं तिने कुणाचं काय बिघडवलं होतं, तिलाच कळेना.

५

पण नमन त्या आठवड्यात पुण्यात होता. खेळवाल्यांच्या मेळाव्यात ‘राखण’ घेऊन गेला होता. फोटो होते, साक्षीदार होते. आणि एकट्या माणसाकडे शेकडो फोन येतील कुठून?

अंजना आपल्या टेबलाशी बसून राहिली. त्या आठवड्यात इथे काय झालं ते आठवायचा प्रयत्न करू लागली. काहीच झालं नव्हतं. खाली दुकानात भांड्यांवर नाव घालायच्या मशीनची टकटक दिवसभर चालायची, तिने डोकं उठायचं. जिन्याच्या तोंडाशी चपलांचा एवढा ढीग असायचा की पाय ठेवायला जागा नसायची. आपली चप्पल दोनदा बदलली गेली, एवढंच.

तिने सवयीने टाचणी घ्यायला हात पुढे केला. टाचण्या स्टीलच्या एका वाटीत होत्या. वाटी त्याच आठवड्यात तिच्याकडे आली होती. तिने टाचण्या टेबलावर ओतल्या आणि वाटीच्या काठावरची अक्षरं वाचली : सौ. कंचनबाई हीरालाल यांच्या अठाई तपानिमित्त.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक उगाच म्हणत नाहीत. कंचनबाईंनी श्रावणात अठाई केली होती, म्हणजे आठ दिवसांचा उपवास, पोटात फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस मावळायच्या आत. तप करणाऱ्याची साता विचारायला, म्हणजे जीव बरा आहे ना हे पुसायला, समाजातलं माणूस न् माणूस येऊन जातं. वाशीमचे आले होते, रिसोडचे आले होते, कारंज्याचे गाड्या करून आले होते. शेजारपाजारचे आले होते. येणाऱ्या प्रत्येकाला प्रभावना म्हणून काहीतरी द्यायची रीत, आणि भांड्यांच्या दुकानात वाटीशिवाय दुसरं काय देणार. संध्याकाळ झाली की सगळे प्रतिक्रमणाला, म्हणजे दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायच्या पाठाला, उठून जायचे आणि घर शांत व्हायचं.

शेकडो माणसं, शेकडो फोन. आणि वरचं ऑफिस न् खालचं घर, दोन्हींना इंटरनेटची जोडणी एकच.

अंजना स्वतःही साता विचारायला गेली होती. तिला वाटी मिळाली होती, पण तारे कुणी मागितले नव्हते. का नाही मागितले, हे आता तिला जिना उतरून विचारायचं होतं.

६

कंचनबाई चटईवर बसून तांदूळ निवडत होत्या. किडा दिसला की बोटाच्या टोकावर घेऊन अलगद खिडकीत सोडत होत्या. उपवासाने गाल बसले होते, ते अजून भरले नव्हते. अंजनाने इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, मग वाट्यांचा आणि ताऱ्यांचा विषय काढला. म्हातारीचा चेहरा असा उजळला की अंजनाला तिथून पळून जावंसं वाटलं.

“तुले कोनं सांगतलं?” त्या म्हणाल्या. “नमनले सांगू नको, बेटा. मी दिवाळीले सांगीन म्हनून ठेवलं होतं.”

पुण्याला निघताना नमन पाया पडला होता, तेव्हा म्हणाला होता, आई, तारे पडले की आपण तरलो. तारे कसे पडतात ते त्यांनी शेजारच्या मुलीकडून शिकून घेतलं. मग आठही दिवस, अंगात त्राण नसताना, येणाऱ्या प्रत्येकाला फोन काढायला लावला. सगळ्यांनी आनंदाने दिले. तपस्विनीचा शब्द कोण मोडणार?

“पन मी खोटं नाई करू देल्लं कोनाले,” त्या बोट उचलून म्हणाल्या. “म्हनलं, आधी खेळा, पाहा, आवडला तं द्या. न पाह्यता देनं म्हंजे असत्य. सगळे खेळले, बेटा. फक्त तो जीव मारा लागते तिथं थांबले. उपासाच्या घरी कोन मारीन? तारे दिले की मंगच वाटी.”

“मले काहून नाई सांगतलं, काकू?”

“तू तं कंपनीतली ना व. घरच्या मानसानं आपलीच वाहवा करू नाई.”

जगात इतकी सरळ चूक कुणी केली नसेल. कंपनीतल्या माणसाकडून तारे घेऊ नयेत एवढं त्यांना कळलं होतं. कंपनीची मालकीण आपणच, हे मात्र सह्या करून करूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. फोनमधल्या दुकानवाल्यांच्या भाषेत मालकिणीने वस्तू वाटून वाहवा विकत घेतली होती. बाहेरचा माणूस नव्हताच. अर्ज करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“फायदा झाला ना?” कंचनबाईंनी विचारलं.

अंजना हो म्हणाली आणि उठली. दोष सापडला की तिला नेहमी आनंद व्हायचा. या दोषाने तिची सगळी मेहनत खाल्ली होती.

७

तिने हरीओमलाही बोलावून घेतलं आणि वर तिघांना सांगितलं. नमन डोकं धरून बसला. मुन्ना म्हणाला, माझं नाव घाला, मी केलं म्हणून लिहा. पण मुन्नाही कंपनीतलाच, त्याने काय होणार होतं. परका दुश्मन रचून सांगावा तर इंटरनेट घरचं आणि कागदावर सही आईची. शेवटी नमनने अर्ज केलाच नाही. खरं लिहिलं तर आईचं नाव लबाडांच्या यादीत जाणार होतं, आणि खोटं लिहून उपयोग नव्हता. त्याने आईला एवढंच सांगितलं की धंदा चालला नाही.

नऊ जणांना फोन करायचं काम अंजनाने केलं. नांदेडच्या धाकट्या भावाचे फक्त हुंदके ऐकू आले. रिसोडचे शिक्षक म्हणाले, चांगलं चाललं होतं हो आपलं. टेबलं विकली गेली. माळ्यावर खालून पुन्हा हंडे-कळशा येऊ लागल्या, आणि हीरालालजींनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. हरीओम मात्र काकूंचं नाव निघालं की खोलीतून बाहेर जायचा.

पर्युषण आलं आणि त्याचा शेवटचा दिवस, संवत्सरी, पार पडला. दुसऱ्या दिवशी समाजातलं लहानथोर घरोघर जाऊन क्षमा मागतं. कंचनबाई जिना चढून वर आल्या. माळ्यावर आवराआवर चालली होती. हरीओम आपला संगणक पेटीत भरत होता. त्या मुन्नापुढे वाकल्या, अंजनापुढे वाकल्या, पोटच्या पोरापुढेही हात जोडले. नमनने त्यांचे पाय धरले ते सोडीचना, तेव्हा त्यांनीच त्याला उठवलं. मग त्या हरीओमपाशी आल्या.

कंचनबाईंनी दोन्ही हात जोडून मान लववली.

“जानता-अजानता माह्याकून तुहं काई वाईट झालं असन, मन दुखलं असन, तं माफी दे, बेटा. मिच्छामि दुक्कडम.”

दर वर्षी सगळ्यांना म्हणतात तेच शब्द. हरीओम त्यांच्याकडे पाहत राहिला. या जन्मात माफ करणार नाही, असं ज्याला म्हटलं होतं ते माणूस समोर हात जोडून उभं होतं, आणि आपण कशाची माफी मागतोय हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्याने हातातली वायर पेटीत ठेवली.

“काई नाई झालं काकू,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्याकून काईच नाई झालं.”

कंचनबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. धंद्यात असं व्हायचंच, त्या म्हणाल्या, मन लहान करू नको, दुसरा खेळ बनव. पुढच्या श्रावणात त्या सोळा दिवसांचा उपवास धरणार होत्या, म्हणजे येणारी माणसंही दुप्पट. वाट्या आत्ताच काढून ठेवल्या होत्या.

त्या जिना उतरून गेल्या, आणि थोड्या वेळाने खालून नाव घालायच्या मशीनची टकटक सुरू झाली.